वाचकांचे प्रश्न : विझार्डची वही आणि तिचे हिशेब

यंदा पाऊस लागल्यापासून या सदराकडे आलेली निम्म्याहून अधिक पत्रे एकाच पात्राविषयी आहेत. घरात कोंडलेली चार-पाच मुले, आणि काही ठिकाणी त्यांचे वडीलही, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन फाशांनी गोष्ट रचण्याचा खेळ खेळायला बसतात, तासाभरात विझार्ड, म्हणजे मंत्र टाकणारे पात्र, नेमके काय करू शकतो यावरून वाद पेटतो, आणि मग कोणीतरी आम्हाला पत्र लिहिते. म्हणून या अंकातील सदर केवळ विझार्डसाठी ठेवले आहे.

उत्तरांपूर्वी दोन खुलासे करणे आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि विझार्डचे नियम वेळोवेळी बदलत गेले. आपले बहुतेक वाचक २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतात असे पत्रांवरून दिसते, म्हणून उत्तरे तिच्या आधारे दिली आहेत. त्याच आवृत्तीचे नियम २०२४ साली सुधारून पुन्हा छापले गेले, तेव्हा जेथे महत्त्वाचा फरक पडतो तेथे तो सांगितला आहे. दुसरा खुलासा भाषेचा. ‘स्पेल’ला मी मंत्र म्हणतो, परंतु विझार्डला मांत्रिक म्हणत नाही, कारण आपल्याकडे मांत्रिक म्हटले की लिंबू, नारळ, उदी आणि तिठ्यावरचा उतारा डोळ्यांसमोर येतो. विझार्ड त्यातला नव्हे. तो पुस्तकी माणूस आहे, अभ्यास करून शिकलेला, आणि त्याची सगळी ताकद व सगळ्या अडचणी त्याच्या वहीतूनच निघतात.

प्रश्न : माझा विझार्ड पाचव्या लेव्हलला पोहोचला आहे. त्याची बुद्धी १६ आहे आणि स्पेलबुकात, म्हणजे मंत्रांच्या वहीत, १४ मंत्र आहेत. आमचा डीएम (गोष्ट चालवणारा आणि पंचाचे काम करणारा) म्हणतो की त्यांतले आठच वापरता येतील. शिवाय मी पाचव्या लेव्हलचा असूनही तो मला पाचव्या लेव्हलचा मंत्र टाकू देत नाही. एकच मंत्र दिवसात दोनदा टाकता येतो का, यावरूनही आमच्यात भांडण झाले आहे. कृपया निवाडा करावा.
— एक महाविद्यालयीन वाचक, मालवण

उत्तर : पहिल्या दोन बाबतींत आपला डीएम बरोबर आहे. तिसऱ्या बाबतीत कोण कोणत्या बाजूला होते ते आपण लिहिलेले नाही, पण एकच मंत्र दिवसात दोनदाच काय, स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याचा दिवसाचा कोटा, शिल्लक असतील तितक्या वेळा टाकता येतो.

‘लेव्हल’ हा एकच शब्द या खेळात दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि निम्मे वाद तेथेच उगवतात. पात्राची लेव्हल म्हणजे ते अनुभवाने किती वर चढले, १ ते २०. मंत्राची लेव्हल म्हणजे तो मंत्र किती जड आहे, १ ते ९. या उत्तरांपुरते मी पहिलीला ‘पातळी’ आणि दुसरीला ‘दर्जा’ म्हणेन. विझार्डला पहिल्या पातळीवर पहिल्या दर्जाचे मंत्र मिळतात, तिसऱ्या पातळीवर दुसऱ्या दर्जाचे, पाचव्यावर तिसऱ्या दर्जाचे, आणि असे विषम पातळ्यांवर एकेक पायरी चढत तो सतराव्या पातळीवर नवव्या दर्जापाशी पोहोचतो. पाचव्या दर्जाच्या मंत्रासाठी आपल्याला नवव्या पातळीपर्यंत थांबावे लागेल.

आता चौदा आणि आठ यांचा हिशेब पाहू. सुरुवातीला विझार्डच्या वहीत पहिल्या दर्जाचे सहा मंत्र असतात आणि पुढच्या प्रत्येक पातळीला दोन मंत्र विनाखर्च लिहायला मिळतात, म्हणून पाचव्या पातळीला सहा अधिक आठ, चौदा. वाटेत सापडलेले मंत्र उतरवून घेतले तर ही संख्या कितीही वाढू शकते. मात्र मंत्र वहीत असणे आणि हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, संपली की विझार्ड वही उघडून बसतो आणि तीतले काही मंत्र तयार करतो. किती, तर पातळी अधिक बुद्धीचा मॉडिफायर, म्हणजे बुद्धीच्या आकड्यावरून ठरणारी भर. बुद्धी १६ असेल तर मॉडिफायर +३ होतो, म्हणून पाच अधिक तीन, आठ. स्लॉट ही त्यापुढची तिसरीच गोष्ट. ती मंत्रांची यादी नसून त्या दिवसाची शिदोरी आहे. पाचव्या पातळीला पहिल्या दर्जाचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन असे नऊ स्लॉट मिळतात. मंत्र टाकला की स्लॉट खर्च होतो, मंत्र मात्र तयारच राहतो. हलका मंत्र वरच्या दर्जाच्या स्लॉटमधून टाकता येतो, आणि पुष्कळदा त्याचा जोरही वाढतो. ‘मॅजिक मिसाइल’ पहिल्या दर्जाच्या स्लॉटमधून तीन बाण सोडतो, तर तिसऱ्या दर्जाच्या स्लॉटमधून पाच. उलट दिशेने मात्र हे चालत नाही.

रत्नागिरीत आमच्या ओटीवर आंब्याची रिकामी पेटी पालथी घालून आम्ही खेळतो. तेथे विझार्ड खेळणाऱ्या मुलीने हा सारा गोंधळ वस्तूंनी सोडवला आहे. तिच्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे आणि तीत प्रत्येक मंत्राला एक पान दिलेले आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी ती आठ पानांना कपडे वाळत घालायचे आठ चिमटे लावते, आणि समोर स्टीलच्या वाटीत चार चिंचोके, तीन काजूबिया व दोन कवड्या ठेवते. मंत्र टाकायचा तर चिमटा लावलेले पान उघडायचे आणि वाटीतून त्या दर्जाची वस्तू उचलून पेटीच्या फटीतून खाली सोडायची. चिमटा जागचा हलत नाही. दुसरी कवडी खाली पडल्याचा आवाज झाला की बाकीचे खेळाडू तिच्याकडे न बघताच आपापल्या तलवारी उपसतात. तुमच्या टेबलावरही असे काही करून पाहावे; नियमपुस्तकाचे पान दाखवून जे पटत नाही ते वाटी रिकामी दिसल्यावर पटते.

दोनदा टाकण्याविषयीचा वाद बहुधा कोणीतरी जुनी पुस्तके वाचल्यामुळे निघाला असावा. खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मंत्र टाकला की तो डोक्यातून पुसला जाई, आणि एकच मंत्र दोनदा लागणार असेल तर तो सकाळीच दोनदा पाठ करून ठेवावा लागे. पाचव्या आवृत्तीत हे बंधन राहिलेले नाही. २०२४ च्या नियमांत तयार मंत्रांची संख्या बुद्धीवर न सोडता तक्त्यात बांधून दिली आहे आणि पाचव्या पातळीला ती नऊ आहे. आपला डीएम आठ म्हणतो, त्या अर्थी तुमच्याकडे २०१४ चे पुस्तक असणार.

कॅन्ट्रिप, म्हणजे हवे तितक्या वेळा टाकता येणारे साधे मंत्र, या हिशेबात कोठेच येत नाहीत. ते वहीत लिहावे लागत नाहीत, तयार करावे लागत नाहीत आणि स्लॉटही खात नाहीत. आपल्या पातळीला असे चार असतील. त्यांत ‘फायर बोल्ट’ असेल तर तो आता दहा बाजूंच्या एका फाशाऐवजी दोन फाशांचे नुकसान करतो, हे विसरू नये. पुष्कळ मुले विसरतात.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा वहीत मंत्र लिहितो आणि सकाळी उठून ‘आज कोणते तयार करू’ असा विचार करत बसतो. घरातील वडीलधाऱ्यांना हे बरे वाटत नाही. यात काही वावगे आहे का?
— एक पालक, गुहागर

उत्तर : त्या वहीतले एखादे पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. तेथे ‘पल्ला १२० फूट, बाण तीन, प्रत्येकी चार बाजूंचा एक फासा अधिक एक’ अशा स्वरूपाचा मजकूर निघेल. मंत्र म्हणताना तोंडाने कोणते शब्द उच्चारायचे ते नियमपुस्तकात दिलेलेच नसते. उच्चार लागतो की नाही, एवढीच खूण असते. आपल्या घरच्यांनी दशावतार पाहिला असेलच. तेथे आख्यान ठरलेले असते, पण संवाद पात्रे उभ्या उभ्या रचतात. हा खेळ त्याच जातीचा आहे; फरक एवढाच की येथे संकासूर मरतो की पळतो ते फासा ठरवतो. मुलगा सकाळी जे करत बसतो ती मर्यादित साधनांची आखणी आहे, आणि बेरीज-वजाबाकी त्यात भरपूर असते.

प्रश्न : आमच्या कथेत जहाज बुडाले. सगळे पोहून किनाऱ्याला लागलो, पण माझ्या विझार्डची वही खाऱ्या पाण्यात भिजून लगदा झाली असे डीएमने जाहीर केले, आणि आता तुला एकही मंत्र येत नाही असेही सांगितले. मी गेले दोन खेळ नुसती काठी घेऊन मारामारी करतो आहे. हे नियमाला धरून आहे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : अर्धे धरून आहे. पाण्याने वही खराब होते की नाही याबद्दल नियम काही सांगत नाहीत, त्यामुळे तो निर्णय डीएमच्या अधिकारातला आहे. जुलै महिन्यात ज्याने शाळेचे दप्तर प्लास्टिकच्या पिशवीतून नेले आहे, त्याने विझार्डची वही मेणकापडात का गुंडाळली नाही, असा प्रश्न मी आपल्यालाही विचारू शकतो. परंतु वही गेली म्हणून विझार्ड त्याच क्षणी निकामी होतो, हे नियमांत कोठेही नाही.

वही गेली तरी जे मंत्र तयार केलेले होते ते तयारच राहतात. झोपून उठल्यावर स्लॉट नेहमीप्रमाणे भरून येतात, कारण ते विश्रांतीने येतात, वहीने नव्हे. कॅन्ट्रिप तर वहीत नव्हतेच. आपण गमावले आहे ते वेगळेच : वही नसल्याने तयार मंत्रांची यादी बदलता येणार नाही, आणि वहीतून करायचे विधी, म्हणजे स्लॉट न खर्चता सावकाश टाकायचे मंत्र, करता येणार नाहीत. म्हणजे बुडण्याच्या सकाळी जी यादी केली होती, तिच्यावरच नवी वही मिळेपर्यंत निभावून न्यावे लागेल. त्या यादीत पोहण्याच्या कामाचे काही नव्हते, ही हळहळ मी समजू शकतो.

नवी वही तयार करण्याची वाटही नियमांत दिलेली आहे. डोक्यात तयार असलेले मंत्र कोऱ्या वहीत उतरवता येतात. त्यासाठी मंत्राच्या प्रत्येक दर्जामागे एक तास आणि दहा सुवर्णनाणी एवढा खर्च येतो. समजा आपल्या आठ तयार मंत्रांत पहिल्या दर्जाचे तीन, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन होते. दर्जांची बेरीज तीन, सहा आणि सहा अशी पंधरा होते; म्हणून पंधरा तास आणि १५० नाणी, शिवाय शंभर कोऱ्या पानांच्या वहीचे ५० नाणी. तयार नसलेले मंत्र मात्र खरोखरच गेले आणि ते पुन्हा कोठेतरी शोधूनच मिळवावे लागतील. याच दराने वहीची दुसरी प्रत आधीच करून ठेवता येते, आणि ती होडीत न नेता गावातल्या विश्वासू माणसाकडे ठेवावी. माझ्या मते तिसऱ्या पातळीनंतर ज्या विझार्डकडे दुसरी प्रत नाही त्याने समुद्राच्या वाटेला जाऊ नये.

आपण दोन खेळ काठीवर काढले, त्याची भरपाई म्हणून डीएमने पुढच्या किनाऱ्यावर एखाद्या वृद्ध विझार्डचे घर ठेवावे, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.

प्रश्न : चाच्यांच्या गलबताच्या तळात लढाई चालू असताना आमच्या पाचव्या पातळीच्या इव्होकेशन विझार्डने फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकला. त्याचे म्हणणे असे की ‘स्कल्प्ट स्पेल्स’मुळे तो स्वतः आणि तिघे साथीदार सुरक्षित आहेत, आणि फायरबॉल फक्त जिवंत प्राण्यांना लागत असल्यामुळे गलबतालाही काही होणार नाही. मी गलबत जाळले आणि बुडवले. आता सगळे माझ्यावर रुसले आहेत. माझे चुकले का?
— एक डीएम, देवगड

उत्तर : हे पत्र आणि याआधीचे पत्र एकाच आठवड्यात आणि एकाच टपाल कार्यालयाचा शिक्का घेऊन आले, एवढेच मी नोंदवतो.

साथीदारांच्या बाबतीत आपल्या खेळाडूचे म्हणणे खरे आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणे इव्होकेशन ही शाखा घेतलेल्या विझार्डला दुसऱ्या पातळीपासून ‘स्कल्प्ट स्पेल्स’ मिळते. त्या शाखेचा मंत्र टाकताना, मंत्राचा दर्जा अधिक एक इतके प्राणी तो वगळू शकतो. फायरबॉल तिसऱ्या दर्जाचा, म्हणून चार. वगळलेल्यांचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावासाठी टाकायचा फासा, आपोआप यशस्वी होतो आणि एरवी जे निम्मे नुकसान झाले असते तेही होत नाही. मात्र नियमातील शब्द पाहावेत : त्याला दिसणारे ‘इतर’ प्राणी. विझार्ड स्वतः त्यांत धरला जात नाही. तो स्वतःच्याच गोळ्याच्या आत उभा असेल तर इतरांप्रमाणे त्यालाही फासा टाकावा लागेल. फायरबॉलचे नुकसान सहा बाजूंच्या आठ फाशांचे, म्हणजे सरासरी २८. कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे अंगच्या चिवटपणाचा, मॉडिफायर +१ असलेल्या पाचव्या पातळीच्या विझार्डकडे साधारण २७ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याचे गुण, असतात. सेव्हिंग थ्रो चुकला तर तो आपल्याच आगीत आडवा होण्याची शक्यताच अधिक आहे.

गोळ्याची त्रिज्या २० फूट, म्हणजे व्यास ४० फूट. गलबताचा तळ एवढा रुंद क्वचितच असेल. अगदी जुन्या आवृत्तीत हा गोळा बंद जागेत टाकला तर जागा मिळेल तिकडे पसरत जाई आणि टाकणाऱ्याच्याच तोंडावर येई; पाचव्या आवृत्तीत तो त्रिज्येबाहेर जात नाही, पण कोपऱ्याआडून वळतो, तेव्हा पिंपामागे लपलेला माणूस वाचत नाही. मंत्राचा पल्ला १५० फूट आहे. शहाणा विझार्ड डेकवरच्या झडपेतून लांबच्या टोकाला नेम धरतो आणि लगेच मागे सरतो.

आता गलबत. फायरबॉल फक्त प्राण्यांना लागतो हे म्हणणे साफ चूक आहे. त्याच्या टापूतील जी ज्वालाग्राही वस्तू कोणी अंगावर घातलेली किंवा हातात धरलेली नाही ती पेट घेते, असे मंत्रातच लिहिले आहे. तळात ठेवलेले सुंभाचे वेटोळे, बारदान, तेलाची पिंपे, गुंडाळलेले जादा शीड, हे सगळे त्यात आले. गलबताचा सांगाडा लगेच पेटावा की नाही, हे मात्र नियम सांगत नाहीत. भिजलेले जाड लाकूड एका झटक्यात धरत नाही, हे बंदरात राहणाऱ्याला सांगायला नको. मी असतो तर बारदानाला आग लावली असती, ती तीन-चार फेऱ्यांत फळ्यांपर्यंत पोहोचवली असती आणि खेळाडूंना ती विझवण्याची एक संधी दिली असती. गलबत जळणे यात आपली चूक नाही. ते एका वाक्यात बुडवले, यात थोडी आहे. उड्या मारून पाण्यात पूर्ण बुडालेल्यांना पुढे आगीचे नुकसान निम्मेच होते, हेही लक्षात ठेवावे.

आपण २०२४ चे पुस्तक वापरत असाल तर मात्र प्रश्नच बदलतो. त्यात शाखा तिसऱ्या पातळीला निवडतात आणि ‘स्कल्प्ट स्पेल्स’ सहाव्या पातळीला मिळते. पाचव्या पातळीच्या विझार्डकडे ते नसतेच, आणि तिघे साथीदारही भाजले असते.

प्रश्न : आमची सहा जणांची टोळी समुद्रातल्या एका किल्ल्याच्या पाण्याखालच्या भुयारात उतरणार आहे. ‘वॉटर ब्रीदिंग’ मंत्र माझ्या वहीत आहे. तो तयार करून तिसऱ्या दर्जाचा एक स्लॉट त्यात घालवावा का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दोन्हीची गरज नाही. ‘वॉटर ब्रीदिंग’ विधी म्हणून करता येतो आणि विझार्डला या बाबतीत जी सवलत आहे ती दुसऱ्या कोणाला इतक्या सहज मिळत नाही : विधीचा मंत्र त्याच्या वहीत असला की पुरे, तो त्या दिवशी तयार केलेला असण्याची आवश्यकता नाही. ड्रुइडला, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राला, हाच विधी करायचा तर मंत्र तयार असावा लागतो. विधीला नेहमीच्या वेळेपेक्षा दहा मिनिटे जास्त लागतात आणि स्लॉट खर्च होत नाही. एका वेळी दहा जणांना २४ तास पाण्यात श्वास घेता येतो, म्हणजे तुम्ही सहा जण आणि शिवाय चौघे. भुयाराच्या तोंडाशी खडकावर बसून दहा मिनिटे वही वाचावी आणि तिसऱ्या दर्जाचे दोन्ही स्लॉट आतल्या कामासाठी ठेवावेत. आत फायरबॉल फारसा उपयोगी नाही, हे वरच्या उत्तरात आलेच आहे.

पाण्याखाली आणखी एक विधी हाताशी असावा : मदतनीस प्राणी बोलावण्याचा ‘फाइंड फॅमिलिअर’. त्याने बोलावता येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत खेकडा, ऑक्टोपस, मासा आणि समुद्रघोडा आहेत. आमच्या टेबलावरचा खेकडा सर्वांच्या तोंडी ‘कुर्ली’ झाला आहे आणि तिच्यावाचून कोणी पाण्यात उतरत नाही. ती शंभर फुटांच्या आत असेल तर विझार्ड आपली एक कृती खर्चून तिच्या डोळ्यांनी पाहू शकतो. मात्र तेवढा वेळ तो स्वतः आंधळा आणि बहिरा असतो, म्हणून कोणीतरी त्याच्या शेजारी उभे राहावे. ती हल्ला करू शकत नाही, पण विझार्डचा स्पर्शाने लागणारा मंत्र पोहोचवू शकते. विधीने बोलावायला एक तास दहा मिनिटे आणि दहा नाण्यांचा कोळसा, धूप व वनस्पती लागतात, आणि हे साहित्य दर वेळी जळून जाते.

साहित्याचा हा मुद्दा अनेक पत्रांत आला आहे, म्हणून येथेच सांगतो. ज्या साहित्याची किंमत दिलेली नाही त्याच्या जागी विझार्डची कांडी किंवा स्फटिक चालतो. किंमत लिहिलेली असेल तर ती वस्तू खरोखर जवळ असावी लागते. जादूची वस्तू ओळखण्याच्या ‘आयडेंटिफाय’साठी १०० नाण्यांचा मोती लागतो, तो खर्च होत नाही, पण नसला तर मंत्रही नाही.

प्रश्न : ‘वेब’ हा जाळ्याचा मंत्र चालू असताना मित्रावर उडण्याचा ‘फ्लाय’ टाकता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : टाकता येईल, पण त्याच क्षणी वेब नाहीसे होईल. दोन्ही मंत्रांना कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्र चालू ठेवण्याची एकाग्रता, लागते आणि ते एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येते. मंत्र कोणावर टाकला आहे याला महत्त्व नाही. विझार्डला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो टाकावा लागतो, आणि त्यात दहा किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यांतील जो आकडा मोठा असेल तो गाठावा लागतो. १२ चे नुकसान झाले तर १०, २६ चे झाले तर १३. दोन बाण लागले तर दोनदा. उडत असलेल्या मित्राने हे समजून फार उंच जाऊ नये. ‘मेज आर्मर’ या संरक्षक मंत्राला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, तेव्हा ते आठ तास खुशाल चालू ठेवावे.

प्रश्न : ‘आर्केन रिकव्हरी’, म्हणजे खर्चलेले काही स्लॉट परत मिळवणे, प्रत्येक विश्रांतीनंतर करता येते का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : नाही, दिवसातून एकदाच, आणि तीही शॉर्ट रेस्ट, म्हणजे किमान तासाभराची विश्रांती, संपल्यावर. परत मिळणाऱ्या स्लॉटच्या दर्जांची बेरीज पातळीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. अपूर्णांक आला तर वरचा आकडा धरावा. पाचव्या पातळीला तीन, म्हणजे एक कवडी, किंवा एक काजूबी आणि एक चिंचोका, किंवा तीन चिंचोके. सहाव्या किंवा त्यावरच्या दर्जाचा स्लॉट अशा रीतीने कधीच परत मिळत नाही.

प्रश्न : खजिन्यात आम्हाला मंत्र लिहिलेल्या दोन गुंडाळ्या मिळाल्या आहेत, एक ‘फायरबॉल’ची आणि एक जखमा बऱ्या करणाऱ्या ‘क्युअर वुंड्स’ची. दोन्ही मंत्र वहीत उतरवून घेता येतील का? आमच्या टोळीत आणखी एक विझार्ड आहे आणि त्याच्या वहीत फायरबॉल आधीच आहे.
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : मग फायरबॉल गुंडाळीवरून उतरवू नये. गुंडाळीवरून मंत्र घेताना आर्केनाचा, म्हणजे जादूच्या ज्ञानाचा, फासा टाकावा लागतो आणि दहा अधिक मंत्राचा दर्जा, येथे १३, गाठावे लागतात. फासा चांगला पडो वा वाईट पडो, गुंडाळी नष्ट होते. दुसऱ्या विझार्डच्या वहीतून उतरवताना असा फासा नाही आणि त्याची वहीही जशीच्या तशी राहते. वेळ आणि खर्च दोन्हीकडे सारखाच : मंत्राच्या दर्जामागे दोन तास आणि ५० नाणी, म्हणून फायरबॉलला सहा तास आणि १५० नाणी. आपण २०१४ च्या नियमांनी इव्होकेशन शाखेचे असाल तर त्या शाखेच्या मंत्रांसाठी दोन्ही निम्मे होतात, तीन तास आणि ७५ नाणी. त्याच्याकडून उतरवून घ्यावे, बदल्यात त्याला आपल्या वहीतला एखादा मंत्र द्यावा, आणि गुंडाळी लढाईत वापरण्यासाठी राखून ठेवावी. तिच्यातून मंत्र टाकला तर आपला स्लॉट खर्च होत नाही.

‘क्युअर वुंड्स’ विझार्डच्या मंत्रांच्या यादीत नाही, त्यामुळे तो आपल्या वहीत कोणत्याही उपायाने येणार नाही. ती गुंडाळी टोळीतल्या क्लेरिकला, म्हणजे देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्या पात्राला, द्यावी. क्लेरिक नसेल तर ती विकावी आणि त्या पैशांची शाई घ्यावी.